राणीचं नाव गेलं, टाकं राहिलं: कान्हेरीचा डोंगर आणि मुंबईचं पाणी

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. बोलले तसंच जवळपास ठेवलंय, फक्त जिथे हातवारे करून सांगितलं होतं तिथे दोन-चार वाक्यं वाढवली आहेत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी खास.

आजचा विषय बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाण्याचा. म्हणजे झरे, ओढे, टाकी आणि तलाव. आपल्याकडे कान्हेरी म्हटलं की लेणी, तुळशी-विहार म्हटलं की पावसाळ्यात 'तलाव भरले' ही बातमी, आणि उद्यान म्हटलं की बिबट्या. या तीन गोष्टी आपण तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. माझं म्हणणं असं आहे की हा एकच विषय आहे आणि त्याच्या मुळाशी तिथला दगड आहे.

सुरुवात एका शिलालेखापासून करू. कान्हेरीच्या ५ क्रमांकाच्या लेण्यापाशी पाण्याचं एक टाकं आहे आणि त्याच्या वर संस्कृतात एक लेख कोरलेला आहे. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला. सतेरक नावाच्या एका अमात्याने हे टाकं दान दिलं, असं त्यात म्हटलंय. टाक्यासाठी शब्द आहे 'पानीयभाजन', पाण्याचं भांडं. लेख तुटका आहे. पण जे उरलंय त्यात एका राणीचा उल्लेख येतो: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक राजघराण्यातली, आणि महाक्षत्रप 'रु…' याची मुलगी. पुढची अक्षरं गेली आहेत. अभ्यासक हा 'रु' म्हणजे रुद्रदामन असं मानतात.

आता याचं महत्त्व बघा. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप ही त्या काळातली दोन हाडवैरी घराणी. नाशिक, जुन्नर, कल्याण, सोपारा या सगळ्या पट्ट्यासाठी त्यांची पिढ्यानपिढ्या मारामारी चाललेली. आणि त्यांच्यात सोयरीक झाली होती, याचा दगडात कोरलेला पुरावा कुठे सापडतो? राजवाड्यात नाही, किल्ल्यावर नाही. पाण्याच्या टाक्यावर! राणीचं स्वतःचं नाव मात्र फुटलेल्या भागाबरोबर गेलं. बापाचं अर्धं नाव राहिलं, नवऱ्याचं पूर्ण राहिलं, अमात्याचंही राहिलं.

गोष्ट इथे संपत नाही. या रुद्रदामनाचा स्वतःचा प्रसिद्ध लेख जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी आहे, इ.स. १५० चा. त्यात तो अभिमानाने सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याला संपवलं नाही. म्हणजे सोयरिकीचा दुवा दोन्हीकडून जुळतो. पण जुनागढचा हा लेख मुळात कशाबद्दल आहे माहितीये? तोही पाण्याबद्दलच आहे. सुदर्शन नावाचा मोठा तलाव होता, चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधलेला. वादळी पावसात त्याचा बांध फुटला. ४२० हात लांब, तेवढंच रुंद आणि ७५ हात खोल असं खिंडार पडलं. मंत्र्यांनी सांगितलं, हे काम होणारं नाही. रुद्रदामनाने ते अमात्य सुविशाखाकडून करून घेतलं आणि खर्चासाठी प्रजेवर जादा कर लावला नाही, असं लेख सांगतो. पुढे पाचव्या शतकात स्कंदगुप्ताच्या काळात तोच बांध पुन्हा फुटला, पुन्हा बांधला गेला. आज तो तलाव नाही.

म्हणजे सासऱ्याचा लेख धरणावर आणि मुलीचा उल्लेख टाक्यावर. धरण गेलं. टाकं अजून आहे. हा फरक का पडला, याचं उत्तर शोधायला आपल्याला दगडाकडे जावं लागतं.

आपण शाळेत शिकलो की महाराष्ट्र म्हणजे बेसाल्ट, काळा कातळ. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस भेगांमधून बाहेर आला, थरांवर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. पुण्याकडे, सह्याद्रीच्या घाटात हे थर जवळजवळ आडवे दिसतात, वह्यांची चळत ठेवावी तसे. मुंबईत मात्र हिशेब थोडा वेगळा आहे. इथले थर पश्चिमेकडे, समुद्राकडे कललेले आहेत. आणि इथे नुसता लाव्हा नाही. स्फोटातून उडालेली राख, दगडांचे टोकदार तुकडे, उथळ पाण्यात पडून थंड झालेला लाव्हा असं बरंच मिश्रण आहे.

कान्हेरीची टेकडी अशाच एका मिश्रणाची आहे. त्याला ब्रेक्सिया म्हणतात, मराठीत कोणाश्म. टोकदार दगडांचे तुकडे राखेच्या लगद्यात घट्ट बसलेले. जाड्याभरड्या खडीचं काँक्रीट डोळ्यांसमोर आणा, फक्त हे काँक्रीट ज्वालामुखीने ओतलेलं. जोगेश्वरी आणि अंधेरीच्या महाकाली लेण्यांचा दगडही याच जातकुळीचा.

याचा पाण्याशी संबंध काय? बेसाल्टचा लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर ते उभे खांब आठवा. ते खांब म्हणजे आकसताना पडलेल्या भेगांनी कापलेला लाव्हा. अशा दगडात पाणी भेगांमधून खाली खाली जातं. कोणाश्मात अशा जवळजवळच्या, नियमित भेगा नसतात. तो एकसंध असतो. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, छिन्नीला तो तुलनेने सोपा जातो आणि मोठी दालनं कोरली तरी छत धरून राहतं. दोन, त्यात खड्डा कोरला तर पाणी खाली पळून जात नाही. ज्या गुणामुळे भिक्षूंना इथे घर करता आलं, त्याच गुणामुळे त्यांना पाणीही साठवता आलं. जागा निवडणाऱ्याने भूगर्भशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण दगडावर हातोडा मारल्यावर येणारा आवाज त्याला नक्की कळत असणार.

मात्र या फायद्याची दुसरी बाजूही आहे. दगड पाणी पीत नाही, म्हणजे तो झऱ्यांना पाणी पुरवतही नाही. मुंबईत चार महिन्यांत जवळजवळ सगळा पाऊस पडतो. उघड्या कातळावर पडलेलं पाणी तासाभरात ओढ्यात आणि तिथून खाडीत. जे काही मुरतं ते कातळावरच्या पातळ मातीत, मुरमात आणि झाडांच्या मुळांशी. ही ओल हळूहळू उतारावरून सरकते, आणि जिथे मातीचा थर संपून घट्ट दगड उघडा पडतो तिथे झिरपा म्हणून बाहेर येते. पावसाळ्यानंतर उद्यानात फिरताना कुठेतरी दगड ओला दिसतो, शेवाळ दिसतं, बारीक धार दिसते, ती ही. पण हा साठा छोटा. हिवाळा सरेपर्यंत बहुतेक झिरपे आटतात. म्हणजे या डोंगरावर वर्षभर राहायचं तर झऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही.

आणि कान्हेरीत माणसं राहिली, तीही हजार वर्षांच्या आसपास. इसवीसनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून ते शिलाहारांच्या काळापर्यंत. शंभराहून जास्त लेणी. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात एका जागी थांबत, तो वर्षावास. त्या चार महिन्यांत पाण्याचा प्रश्नच नाही. खरा प्रश्न उरलेल्या आठ महिन्यांचा.

त्यांनी काढलेलं उत्तर आजही दिसतं. लेण्याच्या माथ्यावर जा. कातळात छिन्नीने कोरलेल्या पन्हळी दिसतील, हातभर लांबीच्या, कुठे कुठे त्याहून बऱ्याच लांब. वरच्या उतारावरचं पाणी दाराशी कोसळू नये, बाजूला वळावं आणि थेट टाक्यात उतरावं अशी त्यांची रचना. टाकं बहुतेक वेळा लेण्याच्या दाराशीच, एका बाजूला. तोंड लहान, आत पोट मोठं. लहान तोंडामुळे ऊन कमी लागतं, पाणी कमी उडून जातं, पालापाचोळा कमी पडतो. कान्हेरीच्या प्राकृत लेखांमध्ये याला 'पोढी' म्हणतात, 'पाणियपोढी'. जुन्नरच्या आणि नाणेघाटाच्या लेखांतही हाच शब्द येतो. महाराष्ट्राच्या जुन्या लेखांत इतक्या वेळा येणारा हा शब्द आज आपल्या बोलण्यातून पार गेलाय.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे आकडा काढल्याशिवाय बरं वाटत नाही. ढोबळ हिशेब करू. वर्षाला २,४०० मिलिमीटर पाऊस धरा. एक चौरस मीटर उघड्या कातळावर तो पडला की २,४०० लिटर पाणी झालं. एका माणसाला पिण्यासाठी आणि जुजबी वापरासाठी दिवसाला १० लिटर धरा. आठ महिने म्हणजे २४० दिवस. १० गुणिले २४०, बरोबर २,४०० लिटर. म्हणजे एका भिक्षूचं आठ महिन्यांचं पाणी एका चौरस मीटर कातळावर पडतं! अर्धं वाया गेलं, उडून गेलं असं धरलं तरी दोन चौरस मीटर. एका खाटेएवढी जागा. पाऊस गोळा करणं हा अवघड भाग नव्हताच. तो आठ महिने न गळता, न सडता ठेवणं हा अवघड भाग, आणि तो दगडाने सोडवला.

यात एक सामाजिक बाजूही आहे, आणि मला ती जास्त आवडते. या पोढ्या कुणा एका राजाने एका झटक्यात बांधलेल्या नाहीत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने एक दिली. चेमुल म्हणजे आजचं चौल, तिथल्या एका हेरणिकाने, म्हणजे सराफाने किंवा खजिनदाराने, एक दिली. सतेरकासारख्या अमात्याने एक दिली. सोपारा, कल्याण, चौल ही सगळी बंदरं. समुद्रावर कमावलेला पैसा डोंगरावरच्या गोड्या पाण्यात गेला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही विखुरलेली साठवण होती. शंभर ठिकाणी छोटी छोटी टाकी. एक फुटलं, गाळाने भरलं, तरी शेजारचं चालू.

त्याच डोंगरावर मोठ्या साठवणीचाही प्रयत्न झालेला होता. लेण्यांच्या मधून जो ओढा जातो, त्याच्या वरच्या अंगाला जुन्या दगडी बांधाचे अवशेष आहेत. एकोणिसाव्या शतकात लेण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही त्याची नोंद केली आहे. ओढा अडवून तळं करायचं ही कल्पना चांगली, पण या डोंगरावरचा ओढा म्हणजे जुलैत राक्षस. दगड पाणी पीत नाही, त्यामुळे सगळा पाऊस एकदम ओढ्यात येतो. तो बांध आज मोडका आहे. पोढ्यांमध्ये पाणी आहे. सुदर्शन तलावाचीच गोष्ट, छोट्या प्रमाणात.

आता थेट एकोणिसाव्या शतकात येऊ. मुंबई तेव्हा विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक. ही नावं आपण बस स्टॉपची म्हणून वापरतो, पण तिथे खरोखर पाणी होतं. लोकसंख्या वाढली, ते पाणी पुरेना, घाण होऊ लागलं. १८५४ ला पाऊस दगा देऊन गेला आणि टंचाई हाताबाहेर गेली. मग साष्टीच्या डोंगराकडे नजर गेली. १८५६ मध्ये हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्यानुसार विहारचं काम सुरू झालं, १८६० मध्ये तलाव तयार झाला. मुंबईला नळाने पाणी आलं ते इथून. तेही पुरेना म्हणून वर तुळशी बांधला, तो १८७९ मध्ये पूर्ण झाला.

जागा का हीच? पुन्हा दगड आणि त्याने घडवलेला उतार. डोंगररांगांच्या मध्ये वाटीसारखी दरी, खाली घट्ट कातळ, आणि उंची. तुळशी भरून वाहतो ती पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १३९ मीटर, विहारची सुमारे ८० मीटर. पंप नसतानाही पाणी उताराने शहरात आणता येत होतं. भिक्षूंनी टाक्यासाठी जो दगड वापरला, त्याच डोंगराच्या कुशीत इंग्रजांनी तलाव बसवले.

या तलावांची एक बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं, तिथे वस्ती आणि शेती होऊ दिली नाही. आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल दोन कोटींच्या महानगराच्या मध्यात उभं आहे, त्याचं एक मोठं कारण हे. आपण म्हणतो जंगलामुळे तलाव भरतात. खरंय. पण इथे तलाव होते म्हणून जंगल वाचलं, हेही तितकंच खरं.

आता कुणी म्हणेल, आज या दोन तलावांचं महत्त्व ते काय? आकडे बघू. तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर, विहारची २७,६९८. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची मिळून क्षमता साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे या दोघांचा वाटा जेमतेम अडीच टक्के. शहराला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर लागतं. दोन्ही तलाव काठोकाठ भरले तरी मुंबईची तहान नऊ दिवस भागेल. बाकी सगळं भातसा, वैतरणा, तानसा इथून शंभर-शंभर किलोमीटरवरून येतं.

पण हा हिशेब अर्धाच आहे. या डोंगरातून फक्त नळाचं पाणी येत नाही, नद्याही येतात. दहिसर नदी तुळशीकडून, मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यातून, पोईसरही याच डोंगरातून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी आणि दहिसर दोन्ही नद्यांनी शहराला त्यांची ओळख करून दिली. आता वरचा मुद्दा आठवा: दगड पाणी पीत नाही. पाणी थोपवून धरणारी एकच गोष्ट या डोंगरावर आहे, ती म्हणजे कातळावरची पातळ माती आणि तिला धरून ठेवणारी झाडं. ती माती गेली तर तेच पाणी त्याच दिवशी, काही तास आधी, खाली येणार. आणि खाली आता भाताची खाचरं नाहीत, इमारती आहेत. हिवाळ्यातल्या झिरप्याचं पाणी आणि पुराचं पाणी ही एकाच मातीची दोन खाती आहेत. एकात जमा झालं नाही की दुसऱ्यात बोजा पडतो.

म्हणून डोंगरात काहीही करताना पाण्याचा विचार आधी व्हायला हवा. ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. तो उद्यानाच्या खालून जाणार आहे. घोडबंदर रोडवर रोज दोन तास घालवणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या लोकांना तो हवाय, आणि त्यात चूक काही नाही. झाडं तोडून वरून रस्ता नेण्यापेक्षा खालून नेणं बरंच. पण बोगदा एकाच प्रकारच्या दगडातून जात नाही. कुठे एकसंध कोणाश्म, कुठे भेगाळलेला बेसाल्ट, कुठे राखेचा मऊ थर, आणि हे सगळे कललेले. भेग ही पाण्याची वाट असते. तिला छेद दिला तर पाणी वाट बदलतं, आणि वर कुठेतरी एखादा झिरपा मार्चऐवजी डिसेंबरमध्येच आटतो. हे झालं की नाही हे कळायला एकच मार्ग आहे: आधीचं मोजमाप. कुठला झिरपा कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो, कुठल्या पोढीत मे महिन्यात किती पाणी असतं. सॉफ्टवेअरमध्ये बदल टाकण्याआधी आम्ही जुनी मोजमापं जपून ठेवतो, कारण नंतर 'हे आधीपासूनच असं होतं' म्हणणारा कुणीतरी निघतोच. डोंगराच्या बाबतीत तर मागे जाण्याचं बटणही नाही.

आणि मोजायला यंत्रंच लागतात असं नाही. दर महिन्याला कान्हेरीला जाणारे कितीतरी लोक आपल्या श्रोत्यांमध्येच आहेत, ट्रेकवाले, पक्षी बघणारे, सकाळी चालायला जाणारे. वाटेवर राहून, टाक्याच्या आत न उतरता, त्याच जागेवरून दर महिन्याला तारखेसह एक फोटो काढला तरी दोन वर्षांत चांगली नोंद तयार होते. ज्या पोढ्या सोनार-सराफांनी वर्गणीसारख्या दिल्या, त्यांची नोंदही तशीच अनेकांनी मिळून ठेवायला हरकत नाही.

लेणी बघायला जाल तेव्हा ३ क्रमांकाचा चैत्य आणि तिथली मोठी बुद्धमूर्ती बघून परत फिरू नका. पायऱ्यांनी वर चढा, उजवीकडे-डावीकडे कातळावर नजर टाका आणि पन्हळी शोधा. एक सापडली की मग सगळीकडे दिसायला लागतात. तिच्यामागे गेलात तर ती तुम्हाला कुठल्यातरी टाक्यापाशी नेऊन सोडेल. आणि ५ नंबरच्या लेण्यापाशी तो तुटका लेख आहेच. पुढच्या भागात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाऊ, या टाक्यांचे पैसे आले कुठून ते बघायला. तोवर भेटू.